लाल कडीवरचे चार आकडे

सकाळी सात वाजता कड्याच्या माथ्यावरून दोर खाली सुटला आणि छायाचित्रकार बाई दरीकडे पाठ करून कडेवर उभी राहिली. तिला उतरायचं होतं खालच्या एका कपारीपर्यंत. समोरच्या कड्यावरचं गरुडाचं घरटं फक्त तिथूनच नीट दिसतं.

मोहिमेचं कारण साधं होतं. घरट्यातल्या मादीच्या पायात लाल कडी आहे. तिच्यावरचे चार आकडे वाचता येतील असा फोटो दुपारी चारच्या आत हवा होता, कारण चारला समोरच्या कड्यात सुरुंग उडणार होता. कडा खाणीला दिलेला आहे. मात्र तीच मादी सलग दुसऱ्या वर्षी तिथे आली असेल, तर पिल्लू उडेपर्यंत सुरुंग लावता येत नाही. नियम वनखात्याचाच!

मादीच्या पायात गेल्या वर्षी ती कडी घातली ती कडीकाकांनी. पक्ष्यांना कड्या घालण्यात त्यांचं आयुष्य गेलं, म्हणून हे नाव. आठवड्यापूर्वी काका आणि बाई खालच्या रस्त्यावरून काढलेला फोटो घेऊन वनखात्याच्या साहेबांकडे गेले होते. साहेबांनी तो मोठा करून पाहिला.

"हा आकडा आहे की चिखल?" ते म्हणाले. "असं असेल तर माझ्याही पायात कडी आहे म्हणा!"

खोलीतले दोघे-तिघे हसले. बाईने फोटो उचलला आणि दार इतक्या जोरात ओढलं, की भिंतीवरचं घड्याळ हललं.

म्हणून या वेळी दोन टेलिफोटो झूम लेन्स सोबत होत्या. एक बाईची स्वतःची, जुनी, रंग उडालेली. दुसरी तिच्या धाकट्या दिराच्या कॅमेऱ्यांच्या दुकानातली, नवीकोरी, प्रतिस्पर्धी कंपनीची. कोणती जास्त शार्प यावरून घरात जेवणाची ताटं गार होईपर्यंत वाद झाले होते. शेवटी ठरलं, की कपारीवरून दोन्ही लेन्सनी तेच घरटं टिपायचं आणि ज्यात आकडे स्पष्ट येतील तो फोटो पाठवायचा. दीर माथ्यावर दोर सांभाळणार, बाई आणि काका खाली उतरणार.

उतरण अवघड होती. कातळ दवाने निसरडा झाला होता, आणि मध्येच त्याचा एक मोठा फुगवटा पोटासारखा बाहेर आलेला होता. तिथे पायांना आधारच नव्हता. दोरावर लोंबकळत, गुडघे सोलून घेत दोघांनी तो पार केला. कपार जेमतेम दोन माणसांपुरती. खाली दरी, आणि दरीपलीकडे, वाळक्या काटक्यांच्या ढिगावर, ती!

मादी पिल्लाला भरवत होती. पायातली कडी स्पष्ट दिसत होती.

बाईने पाठपिशवी उघडली. नवी लेन्स होती. जुनीच्या जागी पाण्याची बाटली होती.

"भावजी!" तिचा आवाज दरीत घुमला. "माझी लेन्स कुठंय?"

"वर आहे, माझ्याजवळ!" फुगवट्याआडून उत्तर आलं. "वजन कमी केलं, वहिनी. उन्हाचं पाणी लागेल तुम्हाला!"

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?"

"अहो, मी पहाटे इथं वर्तमानपत्राचं पान दगडाला चिकटवून दोन्ही तपासल्या की! नवीत बारीक जाहिरातीसुद्धा वाचता आल्या. दुकानात गिऱ्हाइकांना असंच दाखवतो मी."

"पान किती लांब होतं?"



"असेल की... दुकानाच्या भिंतीइतकं."

काकांनी डोळे मिटून घेतले. बाईने दातओठ खात नवी लेन्स लावली, तिपाईवर कॅमेरा घट्ट बसवला, श्वास रोखून फोटो घेतले. पडद्यावर मोठे करून पाहिले. जवळच्या कपारीवरचं गवत पातं न् पातं दिसत होतं. दरीपलीकडच्या मादीच्या पिसांना मात्र कडाच नव्हत्या, आणि कडीवर चार पांढरट ठिपके विरघळले होते. तिसरा आकडा तीन म्हणावा, आठ म्हणावा, काहीही म्हणावं.

"साहेबांना पुन्हा हसायची सोय," ती म्हणाली. मग वर तोंड करून ओरडली, "माझी लेन्स पिशवीत घालून खाली सोडा! आत्ता! ऊन चढलं की हवा तापून थरथरायला लागेल, मग तुमच्या-माझ्या दोन्ही लेन्स चुलीत घातल्यासारख्याच!"

पिशवी निघाली. वाऱ्याने ती डावीकडे नेली, कातळावर आपटली, पुन्हा बाहेर फेकली. आणि फुगवट्याखालच्या फटीत अडकली! दिराने ओढून पाहिलं. हलेना.

"कोणी हलू नका," काका म्हणाले. "मी जातो."

"तुमचा गुडघा बघा आधी, काका."

ती निघाली. तिचा दोर पिशवीच्या दोरापासून दूर होता, तिथवर पोचेना. तिने तो सोडला. बोटं फटीत. पाय टीचभर कंगोऱ्यावर. एक पाऊल. आणखी एक. हात लांबवला, पट्टा बोटांना लागला... आणि पायाखालचा कंगोरा तुटला!

दगड खाली गेला. ती गेली नाही. तिचा एक हात फटीत कोपरापर्यंत रुतला होता, दुसऱ्यात पट्टा होता. काकांनी दुखऱ्या गुडघ्यानिशी पुढे झेपावून तिचा पाय धरला आणि आपल्या खांद्यावर घेतला.

"उतर, पोरी. हळू."

ती कपारीवर आली तेव्हा कोपरातून रक्त गळत होतं. "त्या माणसाला घरी गेल्यावर बघते," एवढंच ती म्हणाली.

जुनी लेन्स लागली. मादी उठली, पंख पसरले, एक पाय पुढे टाकला. खटाखट फोटो निघाले. पडद्यावर पिसं एकेक वेगळी झाली होती. लाल कडी. चार, सात, तीन, आठ!

"माझीच!" काका ओरडले.

मोबाइलला कशीबशी रेंज मिळाली. फोटो गेला. दुपारी साहेबांचा फोन आला.

"आकडे वाचले. बरोबर आहेत. पण थांबवायचा आदेश वरून यावा लागतो."

"वरून म्हणजे कुठून?"

"प्रयत्न चालू आहे, बाई. तुम्ही आता खाली या."

"आम्ही इथेच बसलोय. माणूस टप्प्यात असताना सुरुंग उडवता येत नाही ना? हाही तुमचाच नियम. हसा आता!"

साहेब हसले नाहीत. नंतर त्यांचा फोन लागला नाही.

साडेतीनला खाणीचा मुकादम कर्ण्यावरून ओरडू लागला. "कड्यावरचे लोक, निघा! जबाबदारी आमची नाही!"

"दोर गुंडाळू का, वहिनी?" दिराने वरून विचारलं.

"गुंडाळा. म्हणजे आम्हाला वर घेता येणार नाही."

मग दोर सरसरत वर गेला आणि दीर कडेवर पाय सोडून बसलेला खाणीवरून दिसू लागला.

चारला भोंगा वाजला आणि मादी घरट्यातून उडाली. सुरुंगाआधी तो तीनदा वाजतो. सव्वाचारपर्यंत दुसरा वाजलेला नव्हता. तिघेही जागचे हललेले नव्हते, आणि मादी घरट्यात परत आली होती.