हळूबाईचा हात चुकला

सुई टोचली आणि शिट्टी वाजली.

साधीसुधी नव्हे, पोहण्याच्या तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला पोचेल अशी खणखणीत शिट्टी. काउंटरवरच्या मावशींच्या हातून पेनांचा डबा पडला, रांगेत बसलेले आजोबा दचकून उभे राहिले आणि आतल्या खोलीतून डॉक्टरमॅडमनी ओरडून विचारलं, "कोण आहे तिकडे?"

खुर्चीतल्या माणसाने घट्ट मिटलेले डोळे हळूच उघडले. ओठांत शिट्टी तशीच होती. एवढे रुंद खांदे, ओल्या केसांतून पाणी निथळतंय, आणि चेहरा कानांपर्यंत लाल.

"सॉरी..." शिट्टी काढत तो म्हणाला. "घाबरलो की मला दातांखाली काहीतरी लागतं. हीच गळ्यात होती."

"आणि घाबरलात कशाला?"

"तुमच्या सुईला."

"ती तर केव्हाच आत गेली."

त्याने हाताकडे पाहिलं. खरंच गेली होती. रक्त घेणाऱ्या त्या मुलीला लॅबमध्ये सगळे 'हळूबाई' म्हणत ते उगाच नाही. तिने सुई टोचलेली लहान मुलांनाही कळत नसे. लोक काउंटरवर येऊन हट्ट धरत, रक्त हळूबाईच घेणार असेल तर बसतो, नाहीतर उद्या येतो.

"पोहायला शिकवता वाटतं?" शिट्टीकडे बघत तिने विचारलं.

"हो. पोरं बेडूक सर म्हणतात. पहिल्यांदा बेडकासारखे पाय मारायला शिकवतो ना, म्हणून. तलाववाले दरवर्षी आमची तपासणी करून घेतात, या वर्षी लिव्हरचीही टेस्ट सांगितली."

"पाण्याची भीती नाही आणि एवढ्याशा सुईची—"

"पाणी टोचत नाही हो," असं म्हणून तो हसला.

एका गालावर खळी पडणारं हसू होतं ते. आणि नेमकं तेव्हाच हळूबाईच्या अंगठ्याने सिरिंजचा दट्ट्या खसकन ओढला.

अर्ध्या तासाने तिने नळी यंत्रात फिरवून बाहेर काढली आणि कपाळाला हात लावला. वर तरंगणारं पाणी खरं तर गवती चहासारखं फिकट पिवळं दिसायला हवं. हे लालभडक होतं. रक्त जोरात ओढलं की त्यातल्या पेशी फुटतात, त्यांच्या पोटातलं सगळं त्या पाण्यात सांडतं आणि लिव्हरचे आकडे खोटे वाढलेले दिसतात. असं रक्त टाकूनच द्यावं लागतं. शिकाऊ मुलींकडून हे होतं. हळूबाईकडून आजवर झालं नव्हतं.

मावशींनी काउंटरवरून मान लांब केली. "काय गं? आज कसली एवढी घाई होती?"

"कसलीच नाही," ती म्हणाली आणि त्याला पुन्हा बोलवायला फोन लावला.

"माझ्या शिट्टीमुळे झालं ना?" पलीकडून त्याचा ओशाळलेला आवाज आला. "तुम्ही दचकलात."

"...हो. शिट्टीमुळेच."

दुसऱ्या दिवशी तो शिट्टी खिशात घालून आला. तिने त्याच्या तोंडाकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. शीर, सुई, नळी, बस्स. रक्त अगदी जसं यायला हवं तसं आलं.

"रिपोर्ट चांगला आला," कापसाचा बोळा दाबत तो हळूच म्हणाला, "तर तुम्हाला एक विचारायचंय."

"आत्ता विचारा की."

"उंहूं. आधी रिपोर्ट."

सकाळभर ती गुणगुणत होती. मग आकडे आले, आणि तिचं गुणगुणणं थांबलं.

एसजीओटी मर्यादेच्या कितीतरी वर. एसजीपीटीही वर. ही दोन्ही द्रव्यं लिव्हरच्या पेशींमध्ये असतात, आणि पेशी दुखावल्या की रक्तात उतरतात. दुपारी तो रिपोर्ट न्यायला आला आणि कागदावरचे ठळक अक्षरांतले दोन आकडे त्याने उभ्या उभ्या वाचले. खळीचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"वाटलंच होतं," तो म्हणाला. "माझे वडील लिव्हरनेच गेले. दारू प्यायचे. मी कधी थेंबाला शिवलो नाही, तरी... आईची सगळी उमेद दवाखान्यांच्या बाकांवर गेली. मी तेव्हाच ठरवलेलं, आपल्यात असलं काही निघालं तर कुणाला त्यात ओढायचं नाही." त्याने कागदाची घडी घातली. "विचारायचं होतं ते राहू द्या."

रिपोर्टचा अर्थ पेशंटला सांगायचा नाही, तो डॉक्टरांनी सांगायचा, हा लॅबचा नियम होता आणि तो तिने कधी मोडला नव्हता. पण तिचे डोळे कागदावरच्या बाकीच्या ओळींवरून फिरत होते. बिलिरुबिन ठीक. अल्ब्युमिन ठीक. दारूने बिघडलेल्या लिव्हरमध्ये जे जीजीटी बहुतेकदा चढलेलं असतं, तेही अगदी ठीक.

"एक सांगा," तिने विचारलं, "काल दिवसभर काय केलंत?"

"तयारी केली."

"कसली?"

"टेस्टची. पहिलं रक्त फुकट गेलं म्हणजे अजून एक संधी मिळाली ना. मग दिवसभर पोहलो. नंतर जोर काढले, वजनं उचलली. आज हात वर होत नाहीयेत." तिचा चेहरा बघून तो गोंधळला. "म्हणजे... परीक्षेआधी सराव नको?"

तिला हसू आवरेना. त्याच्या हातातला कागद घेऊन ती तशीच आत डॉक्टरमॅडमकडे पळाली.

मॅडमनी उरलेल्या रक्तावर स्नायूंची एक तपासणी लावली. तो आकडा तर आभाळाला टेकला होता. मग त्यांनी त्याला समोर बसवलं.

"एसजीओटी-एसजीपीटी फक्त लिव्हरमध्ये नसतात रे, स्नायूंमध्येही असतात. तू अंग इतकं पिळून काढलंस की ती तिथून रक्तात आली असणार. आता दोन आठवडे पोहायचं नाही, काही उचलायचं नाही. मग परत तपासू, सोनोग्राफीही करू."

"पण वडील..."

"दारूने बिघडलेलं लिव्हर काही शेतजमिनीसारखं वारसाहक्काने येत नाही. तरी आकडे बघूनच बोलू आपण."

त्याचा अर्धाच विश्वास बसला. आणि त्याला आराम म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी लॅब बंद व्हायच्या वेळेला तो दारात उभा.

"आळशीपणात मी अगदीच कच्चा आहे," तो म्हणाला. "कुणीतरी देखरेख करायला हवी."

मग रोजच देखरेख सुरू झाली. रस्त्याने सावकाश चालायचं, तलावाच्या कुंपणाशी बाकावर बसायचं आणि दुसऱ्या सरांकडे पोरं कशी चुकीचे पाय मारतात ते निमूट बघायचं. त्याने तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला की ती मागे ओढायची. "वजन उचलायचं नाही!" एकदा त्याने फुलपाखरू पद्धतीचा हात बाकावर बसूनच फिरवून दाखवला, तर तिने तो मनगटाशी धरून खाली ठेवला. सोडायला मात्र ती विसरली.

"लहानपणी मी रोज बाबांचे डोळे बघायचो," एका संध्याकाळी तो म्हणाला. "पिवळे झालेत का ते. आता आरशात माझे बघतो. उठल्या उठल्या."

तिने त्याची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला. "पांढरेस्वच्छ आहेत."

बराच वेळ गेला.

"अजून बघताय?"

"नीट तपासायला वेळ लागतो," ती म्हणाली. आणि तिला अगदी स्पष्ट कळलं की हा माणूस तिला हवा आहे.

तपासणीचा दिवस आला. सोनोग्राफी करून तो खुर्चीत बसला. मावशींनी हात पुढे केला. "शिट्टी इकडे जमा करा." हळूबाईने त्याच्या दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली... आणि पट्टा सोडून टाकला.

"मॅडम," तिने आत हाक मारली, "यांचं रक्त तुम्ही घ्या."

त्याचा चेहरा पडला. "का? माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही, माझं चुकेल. परत लाल होईल."

"पण आज शिट्टी नाहीये माझ्याकडे."

"शिट्टीचा काही दोष नव्हता," नजर पट्ट्यावर ठेवून ती म्हणाली. "ती वाजली तेव्हा माझा हात जागच्या जागी होता. रक्त मी नंतर ओढलं. तुम्ही हसलात तेव्हा... आजचा आकडा मला खरा हवाय. आणि तुमच्या बाबतीत माझ्या हाताचा मला भरवसा नाही."

त्याच्या गालावर ती खळी परत उमटली. त्या भरात मॅडमनी सुई टोचली तेही त्याला कळलं नाही.

"मला या वयात सुया टोचायला लावता," पुटपुटत मॅडम सोनोग्राफीचा कागद बघायला आत गेल्या. तिने नळी फिरवली. वरचं पाणी फिकट पिवळं, नितळ. नळी मशीनमध्ये ठेवून ती बाहेर आली आणि बाकावर थांबलेल्या त्याच्या शेजारी बसली.

"विचारा," ती म्हणाली.

"रिपोर्ट आला?"

"अजून मशीनमध्ये आहे. म्हणूनच आत्ता विचारा. चांगला आल्यावर विचारलंत तर मी नाही म्हणेन."

"आणि वाईट आला तर? मी पाहिलंय आईला त्या बाकांवर..."

"तुमच्या आई बाकावर एकट्या बसल्या असतील. आपण दोघं बसू. आणि सुया मी टोचेन, तोवर माझा हात सरावेल."

मग त्याने एक खोल श्वास घेतला, पाण्यात उडी मारण्याआधी घेतात तसा.

"लग्न कराल माझ्याशी?"

"करीन."

बस्स, एवढंच. आत मशीनचा आवाज झाला, कागद सरकत बाहेर आला. मावशींनी तो काउंटरवर आणला, चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचून दाखवला. "एसजीओटी नॉर्मल. एसजीपीटी नॉर्मल. ऐकताय का? मॅडम म्हणतायत, सोनोग्राफीसुद्धा छान आहे!"

बाकावर कुणीच ऐकत नव्हतं. त्याचा हात तिच्या हातात होता, आणि या वेळी तिला तो सोडायचा नव्हता.

मावशींनी अजून एकदा हाक मारून पाहिली. मग काउंटरवर जमा केलेली शिट्टी उचलून तोंडाला लावली आणि गाल फुगवून वाजवली.

दोघं दचकले, आणि मग हसत सुटले. आतल्या खोलीतून डॉक्टरमॅडमनी या वेळी कोण आहे म्हणून विचारलं नाही.