एक फेक, एक पाऊल

क्लिअरवॉटर नदीत आधीच उभ्या असलेल्या माणसाच्या पुढे, प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाऊन गळ टाकणं म्हणजे दुसऱ्यासाठी वाढलेल्या ताटावर खुशाल बसणं. हेझल मांडीभर पाण्यात होती, बोटं गारठून लाल झाली होती... आणि हा कोण कुठला बाबा बेधडक तिच्या पुढ्यात उतरला होता!

"ओ साहेब! डोळे आहेत ना? इथे रांग आहे!"

त्यानं टोपी काढली. "रांग? पाण्यात, मॅडम?"

"पाण्यातच! एक फेक, एक पाऊल खाली. पुन्हा फेक, पुन्हा पाऊल. नवा माणूस सगळ्यांच्या मागे, प्रवाहाच्या वरच्या बाजूला उभा राहतो."

"आमच्या अलाबामात जिथं बास मासा, तिथं माणूस, मॅडम."

"मग जा की अलाबामाला! आणि मला मॅडम म्हणू नका."

"बरं, मॅडम."

तो निमूट वर जायला निघाला, शेवाळलेल्या दगडावरून घसरला, गळ्यापर्यंत भिजला, आणि हसला. पडल्यावर हसतं का कुणी? ते हसू दिवसभर हेझलच्या डोक्यातून जाईना, याचा तिला आणखीनच संताप आला.

क्लेटन त्याचं नाव. गावातल्या लाकडाच्या गिरणीत नवी यंत्रं बसवायला आला होता. रोज सकाळी धुक्यात हजर. रांग शिकला, पण हात बास पकडणाऱ्याचेच राहिले. समुद्रातून नदीत वर आलेला स्टीलहेड मासा गळाला लावलेली पिसांची खोटी माशी तोंडात धरतो, मग वळतो. तो वळेपर्यंत माणसानं गप्प राहायचं असतं. क्लेटन मात्र पहिल्याच धक्क्याला काठीला असा हिसडा द्यायचा की मासा पसार, आणि हेझलचा हात कपाळावर!

"अरे, जरा धीर धर ना!" 'अहो'चं 'अरे' कधी झालं, तिलाही कळलं नाही.

"वाटतं, आलेला गेला तर?"

"तुझ्या घाईनंच जातो, गाढवा! गप्प राहा. त्याला वळू दे."

मग काठावर तो थर्मासमधली कॉफी ओतायचा, पहिला कप तिला.

"ही कॉफी आहे की पाक?"

"नको तर दे इकडे."

"राहू दे," म्हणत ती पूर्ण कप संपवायची. एकदा त्याला उशीर झाला, तर ती उगाच ऑर्व्हिलकाकांवर खेकसली. काका रांगेतले सर्वांत म्हातारे. "पोरी," ते म्हणाले, "नदी समोर आहे. रस्त्याकडे काय बघतेस?"

आणि मग एके सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता क्लेटन म्हणाला, "गिरणीतलं काम संपलं. दुपारी निघतोय."

"बरं," हेझल म्हणाली. नुसतं 'बरं'! एरवी जिभेला लगाम नसतो, आणि आजच कुठं गेली होती ती जीभ?

तिघं पाण्यात उतरली. सर्वांत खाली क्लेटन, मग हेझल, वर काका. पिवळी पानं वाहत होती, पाऊस भुरभुरत होता. डोह संपत आला आणि क्लेटन थांबला. गळ फेकला, पण पाऊल टाकलं नाही. पुन्हा फेकला. पुन्हा नाही.

"क्लेटन, पाऊल!"

"हो..." आणि तो तसाच उभा.

"अरे, मुळं फुटली का तुला?" वरून काका ओरडले.

हेझलनं दोर गुंडाळला आणि पाणी तुडवत त्याच्यापाशी गेली. "पाय अडकलाय का?"

"नाही." त्याच्या पापण्यांवर पाऊस होता. "आणखी थोड्या पावलांत डोह संपतो, हेझल. मग बाहेर पडायचं, गाडीत सामान टाकायचं... म्हणून उभा आहे."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तूच सांगितलंस ना — घाई करायची नाही. गप्प राहायचं."

"ते माशाच्या बाबतीत, मूर्खा! मी काय मासा आहे? जाऊ नकोस. आवडतोस तू मला! बोलले एकदाची... आता?"

"आता... इथं राहिलो तर करू काय?"

"गिरणीत विचार. नाहीच म्हणाले, तर दुसरं काम शोधू, आपण दोघं. पण आधी पाऊल टाक, काका खोळंबलेत!"

त्यानं पाऊल टाकलं, प्रवाहाच्या विरुद्ध, तिच्याकडे.

"रांग मोडली!" काका गरजले, आणि पाठ फिरवून निवांत गळ टाकू लागले.