कोरड्या रुमालाचे ओरखडे

माझ्या नव्याकोऱ्या काळ्या गाडीवर ओरखडे! एक-दोन नव्हे, बॉनेटभर, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल. पॉलिशवाल्या ग्यानोबानं गाडी उन्हात उभी करून दाखवले, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या घरातली ही पहिली गाडी... माझ्या पगाराची!

"मॅडम, कुणीतरी रोज कोरड्या फडक्यानं पुसून राहिलंय. धुळीनंच घासलंय बघा. मशीन मारतो, तासाभरात साफ."

"मशीन नको. ओरखडे काढायचं ते रबिंग कंपाउंड असतं ना, त्याची डबी द्या. ज्यानं केलंय, तोच हातानं घासेल."

घरी गाडी कुलपात असते; म्हणजे हे ऑफिसातच होत होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गाडीजवळच्या, ऑफिसच्या जिन्याआड दबा धरून बसले. आणि आला की चोर! आवक-जावक टेबलावरचा श्रीशैल. नजर भिडली की फायलीत तोंड खुपसणारा. खिशातून रुमाल काढून तो इतक्या मायेनं बॉनेट पुसत होता, की क्षणभर... छे! मी चिडले होते.

"काय चाललंय हे?"

रुमाल गळून पडला. "लई धूळ बसती हो, मॅडम... तुमच्या गाडीवर."

"म्हणून ओरखडे पाडायचे? कधीपासून?"

"दिवाळीपासून." मग अगदी हळू, "तुमच्यासाठी दुसरं काही करायची हिंमत न्हाई झाली... मामा हायेत ना इथं."

मामा म्हणजे बसलिंगप्पा, आमचे हेडक्लार्क. मी बौद्ध घरातली, ते लिंगायत; त्यांनी भाच्यासाठी उदगीरची, त्यांच्यातली मुलगी हेरून ठेवलेली. अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं. आता मात्र मला खरा राग आला, आणि तो ओरखड्यांचा नव्हता.

"चोरून गाडी पुसायची, आणि मामांपुढं ओळखही द्यायची नाही? असलं भित्रं प्रेम नको मला!" मी डबी आणि एक मऊ फडकं त्याच्या हातात आदळलं. "घासा. आत्ता. सगळ्यांसमोर."

तो घासू लागला. त्या फडक्यानं, वीत-वीत जागा धरून. कपाळावरून घाम निथळत होता. सुट्टी संपली, माणसं परतू लागली, थबकून बघू लागली. मला त्याची दया येत होती, आणि त्या दयेचाही राग येत होता.

बसलिंगप्पा पुढं आले. "श्रीशैल! कुणाची गाडी घासून राहिलास रे?"

त्याचा हात थांबला.

"महामायाची." आवाज कापत होता, पण खाली गेला नाही. "लग्न करायचंय मला हिच्याशी, मामा. ती हाव म्हणली तर..."

मामांचा चेहरा लालबुंद झाला. पाठ फिरवून ते पायऱ्या चढू लागले. श्रीशैल माझ्याकडे बघत राहिला... पहिल्यांदाच, नजर न चुकवता.

"हाव!" मी त्याच्याच बोलीत म्हटलं, आणि इतक्या जोरात म्हटलं, की मामा पायरीवरच थांबले.