टर्नरची लाल रेघ

खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा मामा आहे. ज्या मुलीचा पाय त्यात मोडला ती माझी मामेबहीण, आमची ताई. तिच्या पायात अजून स्टीलची पट्टी आहे.

दिवस रविवारचा. वेळ सकाळी सव्वादहाची. लख्ख ऊन.

जागा... बंद पडलेल्या दगडखाणीत उतरणारा रस्ता.

भुतं रात्रीच दिसतात असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर त्याला आधी माझ्या मामाकडे पाठवा.

मामा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला होता. आयुष्यभर दाबाचे काटे बघत बसला. निवृत्त झाला आणि हात रिकामे झाले, तेव्हा सगळा जीव आधीपासून असलेल्या गाडीत ओतला. सव्वीस वर्षं जुना ट्रक, चारही चाकांना ताकद देणारा, डोंगर-खाणी तुडवायला बनवलेला. चिखलात बसला की उठायचा नाही, म्हणून घरात सगळे त्याला 'म्हैस' म्हणायचे.

म्हैस एकट्या मामाची नव्हती. मामाचा जिवलग दोस्त होता, लेथ मशीनवर काम करणारा. त्याला सगळे टर्नरच म्हणायचे. खरं नाव बहुतेक त्याच्या बायकोलाच माहीत असावं.

दर रविवारी सकाळी टर्नर यायचा. घरामागच्या शेडमध्ये दोघं म्हशीखाली आडवे व्हायचे. मामीला फक्त चार पाय दिसायचे.

त्यांचा एक नियम होता. अठरा वर्षांत एकदाही न मोडलेला.

ज्यानं नट आवळला, त्यानं तो तपासायचा नाही. दुसऱ्यानं तपासायचा.

तपासण्यासाठी एक खास पाना होता. नट पुरेसा घट्ट असला की तो 'टक्' असा आवाज करतो. आवाज आला की तपासणाऱ्यानं बारीक ब्रशनं नटावरून बोल्टपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. नट पुढे कधी ढिला झालाच, तर रेघ तुटलेली दिसते.

मामाची रेघ पिवळी. टर्नरची लाल.

टर्नरची आणखी एक खोड होती. तो प्रत्येक नटावर पाना दोनदा लावायचा. टक्... टक्.

मामा वैतागायचा. "अरे, एकदा वाजला ना? पुरे की!"

"पहिला नटासाठी," टर्नर म्हणायचा, "दुसरा माझ्या समाधानासाठी."

मामानं म्हशीला एक छोटा डिजिटल पडदा बसवला. चारही चाकांतली हवा आणि इंजिनची गरमी दाखवणारा. टर्नरनं त्याची यथेच्छ टिंगल केली. "हाताला कळत नाही ते काचेत काय दिसणार तुला?" असं म्हणत रेघा मात्र तो मन लावून ओढायचा.

त्या दोघांचं एक वेड राहून गेलं होतं. खाणीतला उतार.

तीन वेळा गेले, तीन वेळा अर्ध्यातून परतले. टायर घसरायचे. शेवटी ठरलं, मोठे टायर लावायचे आणि उतरायचंच. मामानं टर्नरच्या हातावर हात मारून शब्द दिला होता, "उतरलो तर दोघंच. तुझ्याशिवाय म्हैस तिथं नेणार नाही."

टायर यायला महिना लागणार होता.

टर्नर मात्र त्याआधीच गेला. दुपारी जेवून झोपला, तो उठलाच नाही.

मामा तीन आठवडे शेडकडे फिरकला नाही.

चौथ्या रविवारी त्यानं म्हशीचे मागचे ब्रेक खोलले. हात चालले की मन थाऱ्यावर येईल म्हणून. काम झालं. चाक बसवलं. सहाही नट आवळले.

आणि तपासायला कोणी नव्हतं.

मामा मला म्हणाला होता, "त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं गं, की तो गेलाय."

रेघ न ओढताच तो जेवायला घरात आला. पहिला घास तोंडात आणि...

टक्... टक्.

मामाचा हात ताटातच थांबला.

टक्... टक्.

एकूण सहा वेळा. सहा नट.

तो धावत शेडमध्ये गेला. आत कोणी नव्हतं. पाना होता तिथेच, खिळ्याला टांगलेला.

आणि सहा नटांवर सहा लाल रेघा. ओल्या.

कोणीही असतं तर बोंबलत पळालं असतं. मामा तिथेच खाली बसला आणि ढसाढसा रडला. भीतीनं नाही. आनंदानं!

आता कोणी म्हणेल, म्हातारा भ्रमिष्ट झाला. पण मामा पंपघरातला माणूस. काट्यावरही तो दोनदा बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नसे. पुढच्या रविवारी त्यानं मुद्दाम एक नट ढिला ठेवला. जेवून आला तेव्हा पाच नटांवर रेघ होती.

सहावा कोरा.

त्याच्या पुढच्या रविवारी दोन ढिले ठेवले. दोन कोरे.

मग मात्र त्यानं परीक्षा घेणं बंद केलं. मित्राची कसली परीक्षा घ्यायची?

असे चार महिने गेले. बॅटरीचा पट्टा, पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट, स्टिअरिंगचा दांडा. मामा आवळायचा, जेवायला यायचा, आवाज ऐकायचा. मामीनंही एक-दोनदा ऐकला. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "जिवंत होता तेव्हा निदान सातला घरी तरी जायचा!"

मामा स्वतः तपासायचं विसरूनच गेला. लाल रेघ दिसली की विषय संपला.

मग, महिन्याचे पाच महिने होऊन, ते मोठे टायर एकदाचे आले.

शनिवारी सकाळी मामानं ते चढवायला घेतले. तीन चाकं झाली. चौथं, पुढचं डावं, बसवलं. त्याचे सहा नट नुसते बोटांनी फिरवून ठेवले. आवळणार, तेवढ्यात ताई बॅग घेऊन दारात उभी. ती परगावी नोकरीला होती, सुट्टी काढून आली होती.

"बाबा, हे काय राक्षसाचे टायर लावलेस?"

मामा खुलला. "उद्या खाणीत उतरायचंय. येतेस?"

"मी? तिथं तर टर्नरकाका बसणार होते ना?"

मामानं शेडकडे वळून मोठ्यानं हाक दिली, घरात बसलेल्या माणसाला द्यावी तशी.

"टर्नर! उद्या उतार! पोरगी येतेय तुझ्या जागेवर!"

त्याला खरंच वाटलं होतं, टर्नरला आनंद होईल. टर्नरनंच ताईला सायकल शिकवली होती.

दोघं जेवायला बसले. गप्पा रंगल्या.

आणि त्या दुपारी... शेडमधून एकही आवाज आला नाही.

मामाच्या ते लक्षात आलं. एक क्षण. मग मामीनं मिक्सर लावला आणि त्याला वाटलं, त्या घरघरीत ऐकू आलं नसेल.

जेवून तो शेडमध्ये गेला. चारही चाकांवर लाल रेघा होत्या. पुढच्या डाव्यावरही. सहाच्या सहा.

'हे चाक मी आवळलं होतं का?'

प्रश्न मनात आला होता. मामा आजही शपथेवर सांगतो, आला होता. पाना हातात होता. दोन पावलं टाकून हात लावायचा, इतकंच.

पण रेघ होती ना. रेघ आहे म्हणजे आवळलं असणार. टर्नर खोटी रेघ ओढणार नाही.

मामानं पाना खिळ्याला टांगला.

रविवार. सव्वादहा. म्हैस उताराच्या तोंडाशी उभी होती. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला खोल खाण, तळाशी हिरवं पाणी. ताई डाव्या सीटवर, मामा स्टिअरिंगवर. पडद्यावर चारही चाकांची हवा बरोबर होती.

मामानं गाडी हळू गिअरमध्ये टाकली. म्हैस उतरू लागली.

वीसेक पावलं गेली असतील...

टक्.

मामानं कान टवकारले.

टक्... टक्.

"बाबा, हा कसला आवाज?"

मामा हसला. कालपासून ज्या आवाजाची वाट बघत होता, तो आला होता. त्याला वाटलं, आला गडी. रुसून बसला होता, पण आला.

"काही नाही गं," तो म्हणाला. "टर्नर आहे."

टक्. टक्. टक्. टक्.

स्टिअरिंग थरथरायला लागलं. मामाला वाटलं, दगड असतील. तो अजूनही हसतच होता.

आणि मग त्याला समोर, रस्त्यावर, एक चाक पळताना दिसलं. एकटंच. उड्या मारत.

ते त्यांचंच चाक होतं.

म्हैस डावीकडे कोसळली. धातू दगडावर घासत गेला. ताई किंचाळली. खाणीच्या कडेला जुन्या दगडांचा एक ढीग होता, त्याला अडकून गाडी थांबली. ढीग नसता तर मी आज ही गोष्ट सांगत बसले नसते.

ताईचा डावा पाय पत्र्यात अडकला होता.

मामा सीटच्या पट्ट्याला लोंबकळत होता. समोर पडदा सुरू होता. चारही चाकांची हवा बरोबर दाखवत होता.

गाडी उचलायला क्रेन आली. क्रेनवाल्यानं रस्त्यावरून चार नट गोळा करून मामाच्या हातावर ठेवले.

"काका, हे तुटले नाहीत, सुटलेत," तो म्हणाला. "आवळलेच नव्हते. मग रेघा कोणी मारल्या?"

मामा हातातले नट उलटसुलट करून बघत राहिला. चारही नटांवर लाल रंग होता.

संध्याकाळी मी दवाखान्यात पोचले. ताईला नुकतंच शस्त्रक्रियेनंतर बाहेर आणलं होतं. मामा तिच्या उशाशी बसला होता. तिनं डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं.

"आवाज आला तेव्हा तू हसलास, बाबा."

एवढंच. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. तिनं मान भिंतीकडे वळवली. आज दीड वर्ष झालं. ती घरी येते, जेवते, हसते, बोलते. पण मामा चालवत असेल त्या कुठल्याही गाडीत बसत नाही. साध्या स्कूटरवरसुद्धा नाही.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर मामानं मला हे सगळं सांगितलं. मी धीर करून म्हटलं, "मामा, तू त्याला शब्द दिला होतास. तुझ्याशिवाय जाणार नाही म्हणाला होतास. त्याची जागा तू दुसऱ्याला दिलीस. त्यालाही लागलंच असेल ना?"

मामानं मान हलवली.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "नट मी आवळले नाहीत. शब्दही मीच मोडला. सगळं कबूल. त्याला रागवायचं होतं तर रेघ ओढायची नव्हती. कोरं ठेवायचं. मला कळलं असतं. मी हात जोडून माफी मागितली असती."

त्यानं दोन्ही हातांनी डोळे दाबले.

"पण त्यानं रेघ ओढली गं. अठरा वर्षांत एक खोटी रेघ ओढली नाही, आणि ती पोरीच्या चाकावर ओढली. केसानं गळा कापला माझा."

मी मामाला कधी असा रडताना बघितलं नव्हतं. टर्नर गेला तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच शेडमध्ये गेले. मला टर्नरची लाल रंगाची बाटली बघायची होती. ती फळीवरच होती.

झाकण उघडेना. पकडीनं धरून उघडलं. आत रंग नव्हताच... नुसता खडा. वाळून दगड झालेला. ब्रशही आत चिकटून बसलेला. महिनोन्‌महिने कोणी त्यात ब्रश बुडवला नव्हता.

मग ओल्या रेघा कशाच्या होत्या?

मी झाकण लावलं आणि बाहेर आले. मामाला सांगितलं नाही.

म्हैस भंगारात गेली. मामानं शेडला कुलूप ठोकलं. हत्यारांची पेटी फेकून देत होता. मला वाईट वाटलं, चांगली हत्यारं होती. मी ती माझ्या घरी आणली. पाना, पकडी, सगळं. बाटलीसुद्धा त्यातच असावी. मी नीट बघितलं नाही.

माझी एक छोटी गाडी आहे. गेल्या महिन्यात पंक्चर झालं म्हणून मी स्वतःच चाक बदललं. मामानंच शिकवलंय. नट आवळले आणि हात धुवायला आत गेले.

नळ सुरू होता, म्हणून आधी नीट कळलं नाही.

टक्... टक्.

बाहेर आले तेव्हा चाकाच्या चारही नटांवर लाल रेघा होत्या. मी बोट लावलं. बोटाला रंग लागला.

मी पाना घेऊन एकेक नट तपासला. सगळे घट्ट होते. अगदी हवे तेवढे.

त्यानंतर रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी वाकून बघते. आता चारही चाकांवर रेघा आहेत. आजवर एकही खोटी निघाली नाही.

मामाच्याही चार महिने निघाल्या नव्हत्या.