पहिला कप मिस्त्रीचा

बाळासोचं चहाचं हॉटेल शिवाजी पेठेत, तालमीला लागून. चौऱ्याऐंशी साली लग्नाकार्यांतून मशीनच्या फेसाळ कॉफीचं वेड पसरलं आणि बाळासोनं मीरासाब मिस्त्रीला गळ घातली. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. मीरासाबनं घरातला तांब्याचा बंबच कापला, त्याला वाफेची तोटी आणि दाबाचा काटा बसवला. चार महिने त्याच्या घरच्यांनी चुलीवर पाणी तापवून अंघोळी केल्या.

"पैला कप माजा हं, बाळ्या," तो म्हणाला होता. नव्या मशीनचा पहिला माल मिस्त्रीच्या हातात द्यायचा, ही त्यांच्या कामातली रीतच होती.

पण बंबाचं मशीन तयार झालं त्याच आठवड्यात एका कंपनीचा माणूस चकचकीत मशीन घेऊन हजर झाला. दोन्ही मशिनं फळीवर शेजारी मांडली. मीरासाब कोपऱ्यातल्या बाकावर बशी घेऊन बसला. तो नेहमी बशीत ओतूनच प्यायचा आणि पिऊन झालं की बशी पालथी घालायचा.

"यात अंघोळ करायची का कॉफी प्यायची?" कंपनीचा माणूस म्हणाला.

गिऱ्हाइकं हसली. बाळासोही हसला. चारचौघांत गावंढळ ठरायची लाज वाटली, दुसरं काही नाही. त्यानं चकचकीत मशीन ठेवून घेतलं आणि त्यातला पहिला कप कंपनीच्या माणसापुढं केला. मीरासाबनं कोरडी बशी पालथी घातली, बंब हातगाड्यावर चढवला आणि गेला. पुढं तो इचलकरंजीला माग दुरुस्तीच्या कामाला लागल्याचं कळलं.

मीरासाब बंब घेऊन गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बाळासोनं पहिला कप भरला. साखरेचा डबा घ्यायला वळला, परत बघतो तर कप रिकामा. शेजारी बशी पालथी, खालून ओली.

कप गळका असेल म्हणून त्यानं कप बदलला. कंपनीच्या माणसानं येऊन वायसर बदललं. मांजर असेल म्हणून दार लावून घेतलं. रोज पहिलाच कप जायचा. बाकीचे दिवसभर ठीक. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगायचं तर आपलं हसणंही सांगावं लागलं असतं. ते आठवलं की एकट्यातसुद्धा त्याची मान खाली जायची.

महिन्याभरानं त्याला राहवलं नाही. हॉटेल उघडायच्या आधी, दार बंद असताना, त्यानं पहिला कप स्वतःच कोपऱ्यातल्या बाकावर ठेवला. अपराधी मनानं साखर दोन चमचे घातली आणि पाठ फिरवली.

बशीचा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं हॉटेल बंद ठेवून इचलकरंजीची एसटी धरली.

मागांच्या खडखडाटात मीरासाबची खोली सापडली. बाळासोनं त्याचे दोन्ही हात धरले.

"चुकलो मिस्त्री. मान्सांम्होरं हसलो तुला. बंब घिऊन परत चल."

"ऱ्हाऊ दे की," मीरासाब म्हणाला. आवाजात राग नव्हता.

त्याची बायको फातिमा चहा घेऊन आली. एकच कप होता.

"मिस्त्रीला?"

"त्यास्नी लागत न्हाय आता," ती खालमानेनं म्हणाली. "सकाळी उठत्यात तवाच तोंडाला काफीचा वास येतोय. घरात काफीची पूडबी न्हाय, भावजी."

मीरासाबनं बाळासोपुढची बशी सरळ करून ठेवली.

"काल साखर लई झालती, मालक," तो म्हणाला. "एकच चमचा घालत जावा."