शिफूंनी दिलेला मान

गोटीराम मढवी ऑफिसात शिरले ते थेट शायमा मुकादमच्या समोरच्या खुर्चीत बसले.

"पोरी, तूच ना ती शोध लावनारी?"

विपुलच्या कपाळाला आठी पडली. सीबीडी बेलापूरच्या या दोन खोल्यांच्या खासगी तपास कार्यालयात भलेभले वकील शायमाला मॅडम म्हणत, आणि तिचा मदतनीस विपुल तर बाईसाहेबांच्या मानाचा स्वयंनियुक्त राखणदार. शायमा मात्र हसली. ती रायगडच्या किनाऱ्यावरची होती. खाडीकाठचा आगरी म्हातारा कलेक्टरलाही 'तू'च म्हणेल, आणि त्यात अपमान नसतो, हे तिला ठाऊक होतं.

"मीच, काका. बोला."

"माजे नातीला, निशिगंधाला वाचव. पोलिसांनी तिचा नाव लिवलाय. शोएबचा हात तिच्यामुलं गेला, असा सगले सांगतान."

म्हाताऱ्याच्या तुटक बोलण्यातून हकिगत जुळली ती अशी. निशिगंधा चिनी भाषा शिकलेली. रबाळ्याच्या एका कारखान्यात दुभाषी होती. तिथं पत्रा दाबणारी नवी चिनी प्रेस आली. ती बसवायला लियांग नावाचा वयस्क कारागीर आला आणि काम करून मायदेशी परतला. पुढे काही अडलं की तो बोलून संदेश पाठवी. संदेश प्रॉडक्शन मॅनेजर विश्वजितच्या फोनवर येई, निशिगंधा तो ऐकून मराठीत सांगे.

त्या सकाळी हात आत असताना मशीन थांबवणारा सेन्सर बिघडला होता. लियांगला विचारणा गेली. उत्तर आलं. निशिगंधानं ते ऐकून "चालू करा" सांगितलं. प्रेस चालली आणि तिच्यावर काम करणाऱ्या शोएबचा उजवा हात गेला.

"आता कंपनीकडं लियांगचा मेसेज हाय," गोटीराम म्हणाले. "त्यात तो सांगतो, मशीनला हात लावू नका. बाहेरच्या दुभाष्यानं पन तोच अर्थ सांगितला."

"आणि निशिगंधा?"

"ती म्हनते, मी आयकला तो मेसेज हा नाय."

विपुल कुजबुजला, "चूक झाली की सगळे असंच म्हणतात, मॅडम."

"तू पाणी आण त्यांना," शायमा म्हणाली.

*

निशिगंधा घणसोलीच्या घरात भिंतीला टेकून बसली होती. किती दिवसांत ती नीट झोपली नव्हती, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"लियांग तुझ्याशी कसे वागायचे?" शायमानं विचारलं.

"शिफू? वडिलांसारखे. शिफू म्हणजे उस्ताद, तिकडे हुशार कारागिराला तसं म्हणतात. माझं पूर्ण नाव त्यांच्या जिभेवर बसायचंच नाही. 'शियाओ नी' म्हणायचे. म्हणजे छोटी नी. प्रत्येक संदेशाची सुरुवात 'जेवलीस का' अशी. मग ओरडायचे."

"कंपनीनं तुला ऐकवलेला संदेश?"

"'शियाओ नी, जेवलीस का? ऐक, सेन्सर दुरुस्त होईपर्यंत मशीनला हात लावू नका.' आवाज त्यांचाच आहे, बोलणं त्यांचंच आहे. पण मी त्या सकाळी हे ऐकलं नव्हतं."

"मग काय ऐकलंस? होईल तितकं जसंच्या तसं सांग."

तिनं डोळे मिटले. "'निशिगंधा, आपण काळजी करू नये. सेन्सरची अडचण किरकोळ आहे. आपण मशीन सुरू करावी.' आवाज तोही शिफूंचाच होता."

"ऐकताना तू थांबलीस, असं म्हणतात."

"थांबले. पुन्हा लावायला सांगितलं." तिनं तोंड फिरवलं. "का, ते विचारू नका."

दाराशी उभे असलेले गोटीराम काकुळतीनं म्हणाले, "सांग ना गो. ही आपलीच पोर हाय." पण ती उठून आतल्या खोलीत गेली.

*

कारखान्यात विश्वजितनं शायमा आणि विपुलला दारापर्यंत येऊन आत नेलं.

"आपण बसावं. आपण चहा घ्याल ना?" मग विपुलकडे वळून, "आपणही घ्यावा." विपुल खुर्चीत इंचभर उंच झाला. पिंपात पाणी भरणाऱ्या माणसालाही विश्वजित म्हणाला, "आपण नंतर यावं." इतका मर्यादशील मॅनेजर विपुलनं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

"निशिगंधा मॅडम मनानं चांगल्या आहेत," विश्वजित म्हणाला. "पण त्यांची भाषा कच्ची. आपणच पाहावं."

त्यानं सीसीटीव्हीचं चित्रण लावलं. आवाज नव्हता. विश्वजितनं फोन पुढे धरला आहे. निशिगंधा ऐकते. ऐकता ऐकता एकदम थबकते आणि फोनकडे बघत राहते. पुन्हा लावायला सांगते. मग वळून शोएबला अंगठा दाखवते. मशीनपलीकडे कानात बोळे घातलेला शोएब हसून मान हलवतो. पुढचं चित्रण त्यानं बंद केलं, आणि त्याबद्दल शायमाला बरंच वाटलं.

"जिला भाषा येते, ती अशी अडखळेल का?" विश्वजितनं हळू आवाजात विचारलं.

"तो फोन बघायला मिळेल?"

"तो त्याच गडबडीत तेलात पडला. पण लियांग सरांचा संदेश नव्या फोनवर परत मिळाला, हे नशीब."

प्रेसजवळ झाडू मारणारी गोजरा त्या सकाळी तिथंच होती. विश्वजित आणि निशिगंधाखेरीज दोन्ही वेळा संदेश ऐकलेली तीच एक.

"मला चायनीज काय कळतंय, ताई? पर एक झालं. त्यो बाबा मधीच 'निशिगंधा' म्हनला. एकदम साफ. मी हसले बी, म्हनलं चायनावाला आपल्यासारखं नाव घ्याया लागला की!"

"विश्वजित सर कसे आहेत?"

"देवमानूस. मला बी आपन-आपन करत्यात. आन हौशी! शेठच्या वाढदिवसाला शेठच्याच आवाजात गानं केलं होतं मोबाइलवर. शेठनी एक वळ बी म्हटली नव्हती, तरी डिट्टो शेठ!"

बाहेर आल्यावर विपुल म्हणाला, "म्हणजे लियांगनंच आधी हो म्हटलं. अपघात कळल्यावर दुसरा संदेश पाठवला. सुटला बेटा."

"विपुल," शायमा म्हणाली, "तू चहा फार गोड प्यायलास."

*

शेवटची बैठक मालक अरविंदशेठच्या केबिनमध्ये झाली. विश्वजित, गोजरा, निशिगंधा आणि गोटीराम, सगळे होते. एसीचा गारवा असूनही विपुलनं खिडकी उघडून ठेवली होती.

शायमा म्हणाली, "विपुल, आपण जरा ती खिडकी लावून घ्यावी."

विपुल तसाच बसून राहिला. त्यानं शेठकडे पाहिलं, मागे पाहिलं. मग चाचरत विचारलं, "मॅडम, माझं काही चुकलं का?"

"मराठी येतं ना तुला? वाक्य सोपं होतं. मग थांबलास का?"

"तुम्ही मला कधी आपण म्हणत नाही."

"भाषा येते म्हणूनच तू अडखळलास," शायमा म्हणाली. "जिथं 'तू' ऐकायची सवय, तिथं मानाची हाक आली की मन आधी तिथंच अडकतं. चिनीतही साधं 'तू' वेगळं आणि मानाचं 'आपण' वेगळं. ज्याला ती भाषा येत नाही, तो कशाला अडकेल? निशिगंधाचं ते थबकणं तिच्याविरुद्धचा पुरावा नाही. त्या सकाळी संदेश वेगळा होता, याचा तो पुरावा आहे. कंपनीच्या संदेशात शियाओ नी आहे, जेवलीस का आहे, रोजचा रागावणारा शिफू आहे. त्यात थबकण्यासारखं काय आहे?"

"मग तो वेगळा संदेश लियांगनंच पाठवला असेल," अरविंदशेठ म्हणाले.

"त्यांच्या तोंडी निशिगंधा हे नाव कधी बसलं नाही. त्या संदेशात ते लख्ख होतं, गोजराबाईंनी ऐकलं. आवाज लियांगचा, पण तोंड दुसऱ्याचं. मोबाइलवर कुणाचाही आवाज बनवून हवं ते बोलवून घेता येतं, शेठ. तुम्ही न म्हटलेलं गाणं तुमच्याच वाढदिवसाला वाजलं होतं."

शेठनी सावकाश विश्वजितकडे पाहिलं.

"लियांगचं 'नाही' तुम्हाला आलं, विश्वजित. माल तर वेळेत बाहेर पाठवायचा होता. तुम्ही मराठीत वाक्यं लिहिलीत, मोबाइलकडून चिनी करून घेतलीत, लियांगच्या आवाजात वाजवलीत. सेन्सर एखादा दिवस दगा देणार नाही, असं वाटलं असेल. पण वाक्यं लिहिताना तुमची सवय सुटली नाही. झाडूवाल्या बाईलाही आपण म्हणणारा माणूस दुभाषी मुलीला तू कसं लिहील? तुमची मर्यादा लियांगच्या तोंडी गेली. आणि नेमका तोच फोन तेलात पडला."

विश्वजितचा चेहरा पांढरा पडला होता. पण तो बोलला तो तसाच, मऊ आवाजात.

"आपलं म्हणणं मी ऐकलं. पण आपल्याकडे तो संदेश नाही. कुणी फार मान दिला म्हणून तो गुन्हेगार, हे कोर्टात कोण ऐकेल?"

"नाव ऐकणारी साक्षीदार आहे." शायमा वळली. "गोजराबाई, सांगा."

गोजरानं शेठकडे पाहिलं. शेठ टेबलावरच्या काचेकडे बघत होते. केबिनमधल्या प्रत्येकाला खरं काय ते कळलं होतं, आणि कुणीच मान वर करत नव्हतं.

"मला काय आठवत नाय, ताई," गोजरा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "घरात कमवनारी मी एकटीच हाय."

शायमाला तिचा राग आला, आणि त्या रागाची लगेच लाजही वाटली.

तेव्हा निशिगंधा बोलली. घरी जे विचारू दिलं नव्हतं, तेच.

"मी थांबले, कारण मला कळलं होतं. शिफू असं बोलत नाहीत, हे त्याच क्षणी कळलं होतं. दुसऱ्यांदा ऐकलं ते मशीनसाठी नाही." तिचा आवाज फाटला. "मला वाटलं, आज त्यांनी मला मोठं मानलं. इतकं बरं वाटलं, की अंगठा दाखवताना मी हसत होते."



*

निशिगंधाच्या अटकपूर्व जामिनाच्या अर्जावर दुसऱ्या दिवशी सुनावणी होती. कारखान्याच्या फाटकाबाहेर निशिगंधा रिक्षात जाऊन बसली. गोटीराम मागे राहिले.

"काका, मी कोर्टात येईन. कळलं तेवढं सगळं सांगेन," शायमा म्हणाली. आपल्या शब्दांत जोर नाही, हे तिचं तिलाच ऐकू येत होतं.

म्हाताऱ्यानं हात जोडले.

"तुमी लय केलात," ते म्हणाले. "तुमी जा आता."

शायमाला क्षणभर कळेना, ते कुणाशी बोलतायत. तिनं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.