मंगळवारचा डोंगर

मागाखाली एक परका माणूस पालथा पडलेला दिसला, तेव्हा मी सरळ हातातला विणायचा धोटाच उगारला.

"कोण हाय? काय चोरून राहिले तिथं?"

"चोरून नाही... ऐकून राहिलो," तो म्हणाला. आणि वर हसला!

तो अश्विन. पारशिवनीचा; नागपुरात यंत्रांची थरथर तपासायची नोकरी करायचा. आमच्या कामठीच्या कारखान्यातला तीन नंबरचा माग फार हादरायचा. महिन्यात सुधारला नाही, तर बाबा तो भंगारात देणार होते. त्याच मागावर आईनं मला विणायला शिकवलं होतं... आणि आता आई नाही.

अश्विननं मागाला सेन्सर चिकटवला. दर मंगळवारी यायचा, खाली वाकून काहीतरी ठोकायचा, की माग शांत. तो गेला, की पुन्हा थरथर! पाणी कुठंतरी मुरत होतं. चौथ्या मंगळवारी मी त्याचा लॅपटॉपच ओढला.

पडद्यावर डोंगररांगा होत्या.

"एक रेघ एका मिनिटाची," तो म्हणाला. "रेघेवर आडवी थरथरीची गती, उंची म्हणजे तिचा जोर. रेघा एकामागं एक लावल्या, की दिवस कसा गेला ते दिसते."

मी एका सुळक्यावर बोट ठेवलं. "तुमी जाता अन् हा उगवते. दर मंगळवारी! तुमीच ढिलं करता ना? भंगारवाल्यानं पाठवलं तुमाले?"

त्यानं सुळक्याच्या अलीकडच्या रेघांवर बोट ठेवलं.

"मी चारले निघतो. हा उगवते चार-दहाले. मधात रेघा सपाट हायेत... माग बंद. काहून बंद करता, प्रणाली?"

माझे कान तापले. ती दहा मिनिटं मी खिडकीत असायचे — त्याची ऑटो वळेपर्यंत. झडप मिटू नये म्हणून मागाच्या पायाशी अडकलेला लाकडाचा तुकडा उपसून खोचायचे.

"खिडकीले लावाले मागाखालचा तुकडा काढते... फालतू हाय तो," मी पुटपुटले.

"फालतू नाही. पहिल्या दिवशी मी मागाच्या पायाखाली ठोकलेली पाचर हाय ते. दर मंगळवारी मले खिडकीत सापडते."

"मंग सांगितलं काहून नाही? माझ्या आईचा माग गेला असता!" मला खरंच रडू आलं.

"चुकलं माझं," तो खाली बघत म्हणाला. "सांगितलं असतं, तर पुढच्या मंगळवारी कोणत्या तोंडानं आलो असतो?... माग ठीक हाय म्हणून आज तुमच्या बाबाले लिहून देलं. खिडकीचं नाही सांगितलं."

मी खिडकीतली पाचर काढली आणि स्वतःच्या हातानं मागाच्या पायाखाली ठोकली.

चारला तो निघाला. मी माग बंद केला. खिडकी काही उघडली नाही... ऑटोपर्यंत त्याच्यासोबत चालत गेले.